पाटीवरचा स्वर्ग

१४ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. तसा लिहायचा असतो म्हणून लिहिला, फुशारून जाऊ नकोस.

तुझं पत्र पोचलं. वृद्धाश्रम बांधून झाला, रंगही झाला, पाटी तेवढी राहिलीये, हे कळलं. वहिनीची गुडघेदुखी थांबली, बरं झालं. नाव इंग्रजीच हवं आणि स्वर्गासारखं हवं, म्हणून शब्दकोशाच्या कचेरीत जन्म घालवलेली धाकटी बहीण आठवली तुला. आई गेल्यानंतरचं हे तुझं पहिलंच पत्र. असो.

तू धाडलेले चारही शब्द बघितले. जागेचा कुठलाही शब्द आला की आमचे मुख्य संपादक एकच विचारतात, आत कोण राहतं आणि दार कोणाच्या हातात? तेवढं कळलं की निवड चुकत नाही.

'हेवन' नको. तिथे मेल्याशिवाय प्रवेश नाही, म्हातारी माणसं पाटी वाचूनच माघारी फिरतील. 'ईडन' कानाला गोड लागतं, पण ती बाग लोकांना ठाऊक आहे ती देवाने तिथून हाकललेल्या पहिल्या जोडप्यामुळे. बाबा गेल्यावर माझी ट्रंक तूच दाराबाहेर ठेवली होतीस, तेव्हा हा शब्द तुझ्या घराला शोभेल, आश्रमाला नाही. 'युटोपिया' म्हणजे जिथे सगळं आलबेल आहे, पण जी कुठेच नाही अशी जागा. तुझ्या माहितीपत्रकातल्या 'चोवीस तास मायेची सावली'ला अगदी चपखल. फक्त लोक पत्ता विचारतील.

राहिला 'पॅरडाइज'. हाच घे. शब्द फार जुना, फार दुरून फिरत आलेला. मुळात त्याचा अर्थ, भोवती भिंत घातलेली जागा.

भिंत म्हटलं की मला तुझ्या स्वयंपाकघरामागची खोली आठवते.

दर रविवारी मी फोन करायचे आणि तू म्हणायचास, आई झोपलीये. मला वाटायचं, म्हातारं माणूस, झोपू दे बापडीला. तुमच्याकडे स्वयंपाकाला यायच्या ना, त्या मावशी मागच्या महिन्यात माझ्याकडे येऊन गेल्या. चहासुद्धा घेतला नाही, बसल्या बसल्या सांगत सुटल्या. आईच्या त्या खोलीला तू बाहेरून कडी बसवून घेतलीस. आधी पाहुणे आले की लावायचास, मग तुम्ही बाहेर गेलात की, आणि पुढे पुढे दिवसभरच. आई आतून बांगडीने दार वाजवायची. म्हणायची, "कडी काढ गं बाई, मी कुठ्ठे जात नाही." मावशींनी एकदा काढली, तर तू त्यांनाच कामावरून काढलंस.

हे ऐकल्यापासून घशाखाली घास उतरत नाही. रडून नव्हे, दादा. रडून माझं झालं. रागाने उतरत नाही.

नाव सुचवणाऱ्याने उद्घाटनाला दोन शब्द बोलावेत अशी तुझी इच्छा आहे. बोलेन की! समोर डॉक्टर असतील, तुझे पाहुणे असतील, आपल्या आईला तुझ्या स्वाधीन करायला निघालेली मुलं-सुना असतील. हाच शब्द का निवडला, ते मी त्यांना नीट समजावून सांगेन, भिंतीपासून कडीपर्यंत. मावशी माझ्यासोबत येतायत. माझं काही सांगायचं राहिलं तर त्या सांगतील.

हवं तर नाव बदलून बघ. मी कुठल्याही शब्दावर बोलू शकते, पोटापाण्याचा धंदाच आहे माझा. व्यासपीठावर बसवलं नाहीस तर खाली बसेन, तिथूनही माझा आवाज पोचतो. लोक म्हणतील, सख्ख्या भावाच्या मुळावर उठली. म्हणोत. तुझी छी थू व्हावी, खोल्या रिकाम्या राहाव्यात, हेच मला हवंय. आडपडदा कशाला ठेवू?

तुला आधी का कळवतेय, असं वाटलं असेल. तुला त्या दिवसापर्यंत झोप लागू नये म्हणून.

धाकट्यांनी शेवटी आशीर्वाद मागायचा असतो. तुझा मला नको.

कळावे. लोभ उरलेला नाही.

आईची,
ठमी