डावा अंगठा

प्रिय ठमाबाई,

काल फोनवर तू म्हणालीस, बाबा, रविवारी सिनेमा नको, बागेत जाऊ. मी शहाण्यासारखं 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवून अर्धा तास एकच स्क्रू आवळत बसलो. आपल्या उडाणटप्पूचा दुसरा भाग आपण दोघांनीच पाहायचा, असं दोन वर्षांपूर्वी ठरलं होतं. तेव्हा आपण तिघं एकाच घरात होतो. पोस्टर लागल्यापासून मी दिवस मोजत होतो.

आता खरं सांगतो. मी तो पाहिलाय. शुक्रवारीच, संध्याकाळच्या खेळाला, कामाच्या कपड्यांत, शेवटच्या रांगेत बसून. रागावू नकोस, आधी ऐक. पहिला भागही तुला नेण्याआधी मी एकट्याने पाहून घेतला होता, भीतीच्या जागा कुठे येतात ते बघायला. म्हणून तर तू दचकायच्या आत माझा अंगठा तुझ्या मुठीत तयार असायचा, आणि तुला वाटायचं, बाबांना सगळं आधीच कळतं. कसलं कळतंय! दोनदा तिकीट काढलं होतं, इतकंच.

तर सिनेमा. उडाणटप्पू जाड झालाय. पहिल्या भागात गच्चीवरून उडी मारायच्या आधी तो जरा घाबरायचा, तेच मला आवडायचं. आता नवा झगा, नवी गाडी आणि बरोबर एक नवा जोडीदार. चकचकीत, सगळ्यांत हुशार, विनोदही सगळे त्याचेच. लोक टाळ्याही त्यालाच वाजवतात. मेला पहिल्या दृश्यापासून माझ्या डोक्यात गेला. आणि ती लिफ्ट! वीस मजले दगडासारखी खाली येते. अरे, दोर तुटला तरी ब्रेक धरतो! अठरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, एकही अशी पडलेली नाही. मी तोंडातल्या तोंडात हेच पुटपुटत होतो, तेवढ्यात दोन रांगा पुढून कुणीतरी मोठ्याने तेच सांगितलं, की लिफ्ट अशी पडूच शकत नाही, माझ्या बाबांना विचारा. ठमे, तो आवाज मी हजारांत ओळखतो.

तुझ्या शेजारी काका. 'तुझ्या आईचा नवरा' म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, म्हणून तुझ्यासारखंच काका म्हणतो. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पॉपकॉर्नची बादली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दिवसभर लोकांचे दात उपटणारा माणूस, आणि लिफ्ट सुटली तसा दोन्ही हातांनी डोळे झाकून बसला! मनात म्हटलं, भित्री भागूबाई. खूश झालो. पण मग तू काय केलंस? त्याचा एक हात डोळ्यांवरून ओढलास आणि त्याच्या मुठीत आपला अंगठा दिलास. इकडे मागे माझा अंगठा सवयीने खुर्चीच्या हातावर उभाच होता. शेजारच्या बाईंना वाटलं, मला सिनेमा फारच आवडला.

उरलेला अर्धा तास मी पडद्याकडे पाहिलंच नाही. शेवटी काय झालं, मला ठाऊक नाही. जळत होतो, दुसरं काय. तुझ्यावर नव्हे. बरं, थोडा तुझ्यावरही. दिवे लागायच्या आत बाहेर पडलो, तू वळून बघशील म्हणून.

फोनवर हे बोललो असतो तर काकांबद्दल नको ते तोंडून गेलं असतं, म्हणून पत्र. तू बाग का काढलीस ते मला कळलंय. पहिल्यांदाच बघतेय असं नाटक माझ्यापुढे तुला जमलं नसतं. तुला खोटं बोलता येत नाही, आणि मला आलं तरी पचत नाही. तेव्हा बाग राहू दे. रविवारी दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली आहेत. शेवट तू मला समजावून सांग. आणि एक ऐक. काका तुझ्या उजवीकडे बसले होते, मी नीट पाहिलंय. उजवा अंगठा त्यांचा झाला, होऊ दे. मी डावीकडे बसेन. लिफ्ट सुटली की डावा मला दे. ती पडत नाही हे मला माहीत आहे. तरी दे.

आधी तुझाच, मग उरलो तर जगाचा,
बाबा