दादाच्या हातांचा दोष नव्हता

मी, विषशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, सकाळची वेदनाशामक गोळी मुद्दाम घेतलेली नाही आणि कोणाचाही दबाव नाही.

१. राहतं घर चीजवस्तूंसह माझ्या वहिनीला, म्हणजे दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नीला, मालकी हक्काने द्यावं. दादा रंगाच्या कारखान्यात पिंपं ढवळायचा. त्याच्या पगारावर मी शिकले. त्याला मूत्राशयाचा कॅन्सर झाला तेव्हा कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, "हात नीट धूत नाहीस, दुसरं काय!" दादा शेवटपर्यंत निळी नखं घासत राहिला. स्वतःलाच दोष देत गेला.

२. सूक्ष्मदर्शक माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला द्यावा. त्याखाली बिघडलेल्या पेशी पाहत पाहत मी सिद्ध केलं, की रंगातलं कॅन्सर करणारं द्रव्य श्वासातूनही शरीरात जातं. हात धुऊन ते टळत नाही. विभागप्रमुख म्हणाले होते, "बाई, विषय बदला. कारखाना आपला देणगीदार आहे." मी बदलला नाही, तेव्हा माझी प्रयोगशाळा जिन्याखालच्या कोठीत गेली. त्यांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. ते फार छान बोलतात, म्हणूनच.

३. या संशोधनासाठी मिळालेली पदकं मोडीत काढावीत. द्रव्यावर बंदी आली त्या दिवशी मी धावत घरी आले. वहिनी भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, "म्हणजे वन्सं, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं?"

"काहीच नाही."

ती उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्यानंतर ती पदकं भिंतीवर लावावीत असं मला कधी वाटलं नाही.

४. माझा रक्ताचा कॅन्सर प्रयोगशाळेतल्या द्रावणांमुळे झाला, असं कोणी छापू नये. एका रोग्यावरून कारण ठरत नाही, हे मी जन्मभर शिकवलं. देह अभ्यासासाठी विभागाला द्यायचा माझा विचार होता. वहिनी चिडली. "तुमचे दादा गेले तेव्हा दवाखान्यानं त्यांनाही अडवून ठेवलं होतं. मी बाहेर बाकावर बसून होते. आता तुम्हीही तेच करणार?"

तेव्हा आमच्यात ठरलं ते असं : विभागाने रक्ताचे आणि अस्थिमज्जेचे नमुने घ्यावेत व त्याच दिवशी मला घरी सोडावं. वहिनी दारात उभी असेल. तिला ताटकळत ठेवू नये.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार :
शेजारचे घड्याळजी (सही)
उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. आत्ताच माझ्या अक्षराला नावं ठेवली.)

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : अकरा जून