जिथे दोन रेघा छेदतात

प्रिय हट्टीबाई,

मंगळवारी सकाळी देवाला फूल वाहिलं आणि हात जोडायचे विसरून तसाच कचेरीत गेलो. साहेबांनी नव्या जलवाहिनीचा आराखडा टेबलावर ठेवला होता. टाकीपासून खालच्या वस्तीपर्यंत सरळ रेघ. तिथल्या बायका अजून डोक्यावरून पाणी नेतात, तुला ठाऊकच आहे. मला एवढंच पाहायचं होतं, की ही रेघ दवाखान्यामागच्या दगडांच्या ओळीला छेदते का.

संगणक म्हणत होता, छेदते. तरी मी कागद ओढला. शेजारचा रेखाटक हसला, “काय भाऊ, पुन्हा दहावीला बसताय की काय?”

जलवाहिनी: y = 2x + 3. दगडांची ओळ: y = −x + 30. गावच्या शाळेतले मास्तर सांगायचे, आधी x च्या डावीकडचा आकडा बघा, तो रेघेचा चढ. चढ सारखे आणि सुटा आकडा वेगळा, तर रेघा जन्मात भेटायच्या नाहीत. चढ वेगळे, तर कुठेतरी भेटणारच. इथे दोन आणि उणे एक. म्हणून 2x + 3 = −x + 30 मांडलं. x नऊ, y एकवीस. दुसऱ्या समीकरणात घालून ताळा पाहिला. उणे नऊ अधिक तीस, एकवीसच. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, ताळा चुकावा.

समीकरणातली रेघ कुठे थांबत नाही, ओळ मात्र कुंपणाशी संपते. छेद कुंपणाबाहेर पडेल, एवढीच आशा होती. नकाशावर बोट फिरवलं. बोट आपल्या दगडावर थांबलं.

साहेब मनाचे मऊ. म्हणाले, “सांगा, थोडी सरकवू.” सरकवली, तर शिंपीणबाईंच्या मुलाचा दगड आला. मग चढच ओळीसारखा धरून पाहिला. रेघा भेटल्या नाहीत, पण पाणी रानात गेलं आणि वस्ती कोरडी राहिली.

तू राहतेस त्या ताईच्या घरी फोन लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. इतक्या वर्षांत जे समोरासमोर बोललो नाही, ते फोनवर काय बोलणार? आपल्या दगडापाशी तू सकाळी येतेस, मी संध्याकाळी. पहारेकरी तेवढं सांगतो, “वहिनी येऊन गेल्या.” तेवढ्यावर माझे आठ दिवस निघतात.

आज उजाडताच माती मीच उकरली. परक्या फावड्याने आपली लेक दचकायला नको. फारसं काही उरलं नव्हतं गं. तू विणलेल्या टोपीची लोकर तेवढी होती. स्वच्छ रुमालात घेऊन, देवाचं नाव घेत, तिला वरच्या कोपऱ्यात भिंतीच्या सावलीत ठेवलं. दगड तोच आहे. तू येशील तेव्हा जुन्या जागी नुसता चर दिसेल. तिथे तिला शोधत बसू नयेस, म्हणून हे पत्र. दगड बसवून कचेरीत गेलो आणि नकाशावर सही केली.

अजूनही तुझाच