गुडघाभर भक्कम जमीन

प्रिय मामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. (खरोखर वाकता येत नाही, कारण पुढे येईलच.) तुमचा खोकला कमी झाला असेल आणि त्या निमित्ताने मामींनी तुमचा दुसरा चहा बंद केला नसेल, अशी आशा आहे. इकडे मी खुशाल आहे, निदान कमरेच्या वर.

शाळेसमोर पादचारी पूल बसवायचा होता. अख्खा पूल एका उचलीत ठेवायचा म्हणून मोठी क्रेन मागवली. ती चालवणाऱ्या ताई पन्नाशीच्या आणि मितभाषी. त्यांनी क्रेन फाटकाबाहेरच उभी केली, लोखंडी सळई घेऊन चालत आत आल्या आणि ती जमिनीत दाबली. सळई मुकाट्याने कमरेइतकी खाली गेली. "इथे क्रेन उभी राहणार नाही," ताई म्हणाल्या. मला राग आला. (इथला इंजिनियर मी!) वरची माती वाळून फरशीसारखी दिसत होती. "ताई, दगड आहे हा, दगड!" असं म्हणत मी सगळ्या कामगारांसमोर उडी मारली. मग दुसरी मारली. तिसरीला पाय वर आलेच नाहीत. चौघांनी मला ओढून काढलं, त्यात कंबर धरली ती धरलीच, आणि एक बूट खालीच राहिला. ताई हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "तुमचं वजन सत्तर किलो असेल. माझ्या क्रेनचं साठ टन आहे."

मी ताबडतोब काम थांबवलं. माती तपासणारे आले, तर वाळक्या पापुद्र्याखाली नुसता गाळ! मग तो छातीभर खोल उपसला, तळाशी चिवट जाळी अंथरली, तिच्यावर दगड, त्यावर खडी, आणि प्रत्येक थरावर रोलर. आठ दिवस हेच. क्रेनच्या चारही पायांखाली जाड लाकडी ओंडके ठेवले. काल पूल उचलला तेव्हा सगळे वर बघत होते, मी एकटा पालथा पडून क्रेनच्या पायांकडे. मामा, बोटभरसुद्धा खचले नाहीत! पूल अलगद बसला. ताईंनी केबिनमधून हात हलवला आणि मला उगीचच भरून आलं.

तुमचा,
लाडका (होतो, असं धरून चालतो) भाचा

ता.क. 'मी काम थांबवलं' हे जरा उदार मनाने वाचा. थांबवलं ताईंनी. मी तेव्हा गाळात असल्याने माझा होकार गृहीत धरला गेला.

आणखी एक ता.क. त्या दिवशी मोठे साहेब कडाडले होते, "मातीतलं कळणारं तुझ्या घरात कोणी आहे का?" मी म्हणालो, "माझ्या मामांची चाळीस वर्षं मातीत गेली." आता तळ्याकाठचं नवं काम निघालंय आणि सोमवारी नऊला तुम्हाला न्यायला त्यांची गाडी येते आहे. कृपा करून बसा. जमिनीकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवा, ताईंचंही तेच मत आहे. ती चाळीस वर्षं रोपवाटिकेत, कुंड्यांतल्या मातीत गेली, एवढं सांगायचं माझ्याकडून राहून गेलंय.