वायपर तिथे दिवे

तीर्थस्वरूप दादास,

तुझ्या धाकट्या आणि (तुझ्या मते) निर्दयी बहिणीचा नमस्कार. आईची कंबर आता कशी आहे? वहिनीचा राग उतरला का? आई पडल्यापासून मी एकदाही फिरकले नाही म्हणून तू फोन उचलत नाहीस, तेव्हा हे पत्र. अरे, यांना रजा नाही, बस तुमच्या फाट्यावरच सोडून देते, आणि पुढे दोन्ही कडेवर जुळी पोरं घेऊन मी चालत कशी येणार?

तर आमच्या सासूबाईंनी गाडी शिकायचं मनावर घेतलं. या वयात! हे पोट धरून हसले. सासूबाईंनी तिकडे ढुंकूनही न बघता वाहतुकीचे नियम तोंडपाठ केले. त्यातला एक त्यांना इतका पटला की घरात दुसरं बोलणंच नाही: पाऊस असो, धुकं असो, काचेवर वायपर फिरला की पुढचे दिवे लागलेच पाहिजेत. "दिवे आपल्याला दिसावं म्हणूनच नसतात गं, आपण समोरच्याला दिसावं म्हणूनही असतात," हे मी भांडी घासताना रोज ऐकलंय.

परीक्षेत दोनदा नापास झाल्या (एकदा गाडी मागे घेताना खांब, दुसऱ्यांदा तोच खांब). तिसऱ्या खेपेचा परीक्षक म्हणजे एरंडेल प्यायलेला चेहरा. मी मागच्या सीटवर, जीव मुठीत धरून. बाहेर सकाळचं लख्ख ऊन. तेवढ्यात एका कबुतराने नेमकी आमचीच काच निवडली. सासूबाईंनी वायपर लावला आणि पाठोपाठ दिवेही! परीक्षक म्हणाला, "बाई, ऊन पडलंय." "पडू दे की," सासूबाई म्हणाल्या, "वायपर फिरतोय ना?" त्याने काहीतरी खरडलं. म्हटलं, बोंबललं सगळं.

काच साफ झाली तरी वायपर बंद कुठून करायचा ते त्यांना आठवेना (यांना सांगू नकोस). वायपर चालू, म्हणून दिवेही चालू, आणि तशाच अवस्थेत आम्ही नदीकडच्या उताराला लागलो. खाली हे दाट धुकं! समोरून एक सिमेंटचा ट्रक, दुसऱ्याला ओलांडत, थेट आमच्या बाजूने. आमचे दिवे दिसले तसा त्याने करकचून ब्रेक दाबला आणि आपली बाजू धरली. परीक्षक पांढराफटक. सासूबाई म्हणाल्या, "नियम आहे, साहेब." त्याने घाम पुसला, आधीचं खोडलं आणि पास लिहिलं. दादा, अशी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही रे.

गाडी थांबून दिवे बंद झाल्यावर मी विचारलं, "एवढा आटापिटा कशासाठी केलात?" तर म्हणाल्या, "अगं, तुझी आई तिकडे वाट बघतेय. माझ्या लेकाला रजा नाही, मग तुला न्यायचं कुणी?" मी ढसाढसा रडले. त्यांनी पदराने माझे डोळे पुसले आणि (शपथेवर सांगते) त्याच हाताने दिवे लावले.

तुझी,
तीच ती निर्दयी

ता. क. : रविवारी येतोय. मागे घेणं अजून जमत नाही (त्या धुक्यानंतर परीक्षकाला ते विचारायचं भानच राहिलं नाही). तेव्हा फाटक सताड उघड आणि वहिनीच्या कुंड्या हलव.

आणखी एक : आईला खिडकीशी बसव. तिला आता लांबचं नीट दिसत नाही, म्हणून सासूबाई भर उन्हात दिवे लावून येणार आहेत. (सोबत वायपरही चालवणार. नियम म्हणजे नियम.)

शेवटचं : आईला बघायच्या घाईत दिवे बंद करायचे राहणार आणि बॅटरी उतरणार, हे मी आत्ताच लिहून देते. त्या दिवशी पोटभर जेव. ढकलायला तूच आहेस.