कपाटामागची रेघ

प्रिय ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "यांनी नदीला भिंत बांधली म्हणून यंदाच्या पुरात आमचा काठ कोरडा राहिला. तुमचं काय गं?" मी म्हटलं, "नुसत्या पायऱ्या भिजल्या." खरं तर पाणी माझ्या शिलाई मशीनवरून गेलं. पूर्वी ते तुमच्या कुरणात पसरायचं. आता भिंतीने अडवल्यावर समोरच्या काठाला आमच्याकडेच येणार ना! पण भाऊजींनी त्या भिंतीसाठी रक्ताचं पाणी केलंय आणि तू आत्ता कुठे निवांत झोपतेस. म्हणून पुराच्या रेघेपुढे मी कपाट ढकललं.

रविवारी तुला घेऊन भाऊजी आमच्याही काठाला भिंत आखायला येणार म्हणून गल्ली खूश आहे. मीही होते. मग खालच्या अंगाला राहणाऱ्या मावशीची आठवण झाली. दोन्हीकडून कोंडलेलं पाणी तिच्याच दारात जाणार. तिला फोन करून विचारलं, "यंदा पाणी आलं होतं का गं?"

ती हसून म्हणाली, "छे! नुसत्या पायऱ्या भिजल्या."

ताई, हे पत्र मी टाकत नाही. रविवारी कपाट सरकवेन आणि भाऊजींना तोंडावर सांगेन, भिंत मागे घ्या, कुरण नदीला परत द्या. तुला भांडायचं असेल तर चहा झाल्यावर भांड.

तुझीच,
धाकटी