खिडकीपुढचा पत्रा

३ फेब्रु., मंगळ.
परळच्या लॅबमधून हाफ डे. पुन्हा वॉर्ड ऑफिस. चाळीशेजारच्या किराणा गोदामाच्या परवानगीची प्रत एकदाची हातात आली. त्यात अट आहे: ‘निवासी इमारतीच्या बाजूस योग्य आडोसा उभारणे बंधनकारक.’ म्हणजे इतके महिने यांनी काहीच न लावता... डोकं फिरलं. योग्य म्हणजे किती उंच, कशाचा, किती लांब, काहीच लिहिलेलं नाही. साहेब म्हणाले, "अर्ज टाका. एकटीचा नको, चाळीतल्या सह्या आणा."

५ फेब्रु., गुरु.
सह्या अकरा. पहिली तळमजल्याच्या परुळेकरकाकूंची. काळाचौकीत साडीला फॉल लावायचा म्हणजे काकूच. खिडकीशी बसल्या होत्या. "तुझ्या आवशीचो दमो थांबाक व्हयो गो. बाकीचा माका काय कळणा नाय." मीही जास्त समजावत बसले नाही. घाई.
आई सकाळपासून खोकतेय. गोदामाच्या जनरेटरचा धूर सरळ पहिल्या मजल्यावर, आमच्या खोलीत. खाली डिलिव्हरीच्या बाईक. आमची खिडकी दिवाळीपासून बंद.

१७ फेब्रु., मंगळ.
खांब रोवायला लागले!! गोदामाचा मॅनेजर स्वतः हजर. "मॅडम, आपकी कम्प्लेंट थी ना? एकदम फुल कवर कर देंगे."

२० फेब्रु., शुक्र.
पत्रे लागले, जमिनीपासून थेट आमच्या खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत. जनरेटर पलीकडे ढकललाय. आईने खिडकी उघडली. चहा घेऊन तिथेच बसली, अर्धा तास, एकदाही खोकली नाही. लॅबला उशीर. होऊ दे.

२१ फेब्रु., शनि.
काकूंना खीर द्यायला खाली गेले. भरदुपारी ट्यूब चालू. खिडकीबाहेर हात काढला तर पत्र्याला लागला. चटका. जेमतेम हातभर जागा सोडलीय. मी काल खिडकीतून वरच बघत होते, खाली एकदाही...
काकू रागावल्या नाहीत. सुईत दोरा ओवून मागितला फक्त. निघताना: "वर उजेड येता काय गो तुमच्याकडे?"
"येतो," म्हटलं.

२४ फेब्रु., मंगळ.
कशात लक्ष नाही. लॅबमध्ये एकाच नमुन्याला दोन लेबलं.
संध्याकाळी मॅनेजरकडे. म्हटलं, पत्रा मागे सरकवा. "पीछे लिया तो गाडी किधर लगेगी? पहले लगाने का, अभी हटाने का. आपको चाहिए क्या, मॅडम?"
घरी आल्यावर चार उत्तरं सुचली.

२६ फेब्रु., गुरु.
वॉर्ड ऑफिसात साहेब: "आडोसा मागितलात, मिळाला. योग्य नाही म्हणता, तर तसं लिहून द्या. आहे तो काढायला सांगतो, नवीन नकाशा मंजूर झाला की दुसरा लागेल."
"मध्ये किती दिवस?"
"ते मी कसं सांगू?"
पत्रा निघाला की मॅनेजर जनरेटर परत जुन्या जागी आणणार, तेवढे दिवस आई धुरात. धुराचा पाइप वळवायला सांगा म्हटलं, तर तो दुसरा विभाग.

२७ फेब्रु., शुक्र.
एका बाईने काकूंना साडी परत आणून दिली, फॉल वाकडा लागलाय म्हणून. काकू जिन्याखाली उभ्या राहून उसवत होत्या. मी बाजूने निघून गेले. का गेले?

२८ फेब्रु., शनि.
आईला सगळं सांगितलं. म्हटलं, तुला त्रास होईल. "वैशू, काकूंनी सही करताना स्वतःचा विचार केला का? मग लिही." आणि खिडकी लावून घेतली, जणू आत्तापासूनच सवय.
काकूंकडे गेले तर त्या उलट. "माझी सही घेव नको. तुझ्या आवशीक परत धूर? मी गॅलरीत बसान." आमची गॅलरी! बादल्या, सायकली, येणारे-जाणारे. तिथे लोकांच्या लग्नाच्या साड्या कुठे पसरणार?
दोघींवर चिडले. स्वतःवर जास्त.

१ मार्च, रवि.
अर्ज लिहिला. पत्रा मागे घ्या, खालचा भाग जाळीचा करा, नवीन लागेपर्यंत जुना काढू नका. तीन वेळा फाडला. वरच्या मजल्यावर कोणी सही देईना. "आता कुठे शांत झालंय, कशाला उकरतेस?" कागदावर दोनच नावं, आईचं नि माझं.
उद्या अकराला साहेब जागा बघायला येणार, गुरुवारी निघताना तेवढं कबूल करून घेतलं होतं. दहा मिनिटांच्या वर थांबणार नाहीत.
त्यांना आधी कुठल्या खिडकीशी नेऊ?